बोटांची टोकं सोडून

काकणं भरताना गिऱ्हाइकाचा हात कसा धरायचा हे मला आईनं शिकवलं. अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबायचं, चारी बोटं गोळा करायची आणि बोलत बोलत, बाईचं लक्ष दुसरीकडं गेलं की काकण सरकवायचं. हात सैल पडला तर दोन-चार मापाच्या हातात दोन-तीनसुद्धा जातं. आखडला की काकण वाढलंच. (आमच्यात 'फुटलं' म्हणत नाहीत.) 2018 च्या श्रावणात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानात एका बाईचा हात माझ्या हातात असा आखडला आणि तो काकणामुळं नव्हता. ती माझ्या बोटांकडं बघत होती. "काय झालंय गे हाताला?" म्हणाली, आणि उत्तर ऐकायच्या आधीच हात मागं घेतला.

तोवर माझ्या अंगावर चार ठिकाणी कोडाचं पांढरं झालं होतं. पहिला डाग कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, 2017 च्या दिवाळीत दिसला. मग डाव्या हातावर कोपराखाली तीन. उजव्या हाताचा मागचा भाग, बोटांचे सांधे आणि टोकं. आणि डाव्या नडगीवर एक लांबट. हे चारही मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं सात वर्षं जी जी औषधं केली त्यांचा निकाल या चार जागांनी वेगवेगळा दिला. "तुला कशानं गुण आला?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या जागेचं सांगू?

सुरुवात सगळे करतात तशीच केली, म्हणजे चुकीची. सासूबाईंनी मासे आणि दही बंद केलं, लिंबू बंद केलं, वर दुधावर मासे खाल्ल्यामुळंच झालं हेही ठरवून टाकलं. खानापूरकडच्या एका नातलगांनी बावचीचं तेल आणून दिलं. लावायचं आणि उन्हात बसायचं. मी चैत्रातल्या उन्हात अर्धा तास बसले. बावचीत सोरालेन असतं, ते कातडी उन्हाला हळवी करतं आणि डॉक्टरसुद्धा सोरालेन वापरतात, पण मापून, मिनिटं मोजून, हे मला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत हातावर लिंबाएवढा फोड आला. फोड बसला, आणि त्याच्या आकाराचा चौथा डाग तिथं तयार. तेव्हा आमचे हे म्हणाले, आता पुरे, चल.

बेळगावातल्या ज्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडं गेलो त्यांनी पहिल्यांदा दिवे मालवले. एक जांभळा दिवा कपाळावर धरला, डाग खडूसारखा उजळला. मग भिंग घेऊन त्या माझ्या अंगावरचे केस बघत बसल्या. मला वाटलं, ही बाई डाग सोडून केस काय बघतेय! कपाळाच्या डागातली लव काळी. हातावरची बरीचशी काळी. नडगीवरच्या डागातले केस मात्र पांढरे सुताच्या दोऱ्यासारखे. आणि बोटांच्या टोकांना केस नसतातच. त्या तेव्हाच म्हणाल्या, "कपाळ भरेल. हात बराचसा भरेल. नडगीची आणि टोकांची मी आशा दाखवणार नाही." कातडीला रंग देणाऱ्या पेशी डागातून मरून गेलेल्या असतात. नव्या येतात त्या जास्त करून केसांच्या मुळाशी दडून राहिलेल्यांमधून. केसच पांढरा झाला म्हणजे तो साठाही गेला, आणि जिथं केसच नाही तिथं साठा आणायचा कुठून? चार वाक्यांत त्यांनी सांगितलं ते मला पटायला चार वर्षं लागली.

रक्त तपासलं तर थायरॉइडची गडबड निघाली. दोन्ही आजारांत शरीराची संरक्षणाची फौज आपल्याच पेशींवर उठते, त्यामुळं कोड असणाऱ्यांत थायरॉइड बऱ्याचदा सापडतं म्हणे. गोळी सुरू झाली. टिकली बंद झाली. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंगाच्या पेशींनाच मारतं. रबरी चपलांच्या पट्ट्यांनीही असे डाग पडतात ते याच जातीच्या रसायनांनी. मी स्वतः टिकल्यांची पाकिटं विकते, आजही विकते, धंदा आहे. पण कुणी कपाळ खाजतंय म्हणालं की पाकीट परत घेऊन पिंजरीची डबी देते.

आता मलमांचं. त्याआधी वर्षभर मी एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणून लावत होते. डॉक्टरबाईंनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला, स्वतःच्या. त्यात क्लोबेटासॉल होतं, जहाल स्टिरॉइड. हातावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, खालच्या शिरा दिसायच्या. स्टिरॉइड वाईट म्हणून नव्हे, तर ते किती दिवस, कुठं आणि मध्ये सुट्टी किती, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते बंद करून कपाळासाठी टॅक्रोलिमस 0.1 टक्का, दोन वेळा. हे स्टिरॉइड नव्हे, त्यामुळं चेहऱ्यावर महिनोन्महिने चालतं. पहिले आठ दिवस असं चुणचुणायचं की मिरची कुटलेला हात लागलाय. मग शांत झालं.

तीन महिने काही नाही. चौथ्या महिन्यात एका सकाळी पिंजर लावताना आरशात मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके दिसले, प्रत्येक लवेच्या मुळाशी एक. मी आमच्या ह्यांना बोलावलं, त्यांनी चष्मा आणला, मुलीनं मोबाइलचा दिवा धरला. आम्ही तिघं माझ्या कपाळाभोवती घोळका करून उभे. ठिपके पसरत, एकमेकांना मिळत 2020 च्या पावसाळ्यापर्यंत कपाळ भरलं. नुसत्या मलमानं. सुई नाही, टाका नाही.

तेच मलम हातावर अर्धवट चाललं, बोटांवर अजिबात नाही. म्हणून सप्टेंबर 2019 पासून हातांना प्रकाश सुरू झाला होता. 311 नॅनोमीटरचा नॅरोबँड, म्हणजे अतिनील प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा. आठवड्यातून दोनदा, गडद चष्मा लावून पेटीसमोर बसायचं. मात्रा 280 मिलिज्यूलपासून सुरू, सोसलं तर दर वेळी वीस टक्के वाढवायची, कातडी गुलाबी होऊन दुसऱ्या दिवशी गुलाबीपणा उतरला म्हणजे बरोबर. एका बैठकीचे अडीचशे रुपये. पैशापेक्षा वेळ जास्त जायचा. दोन मिनिटांच्या प्रकाशासाठी दुकान सोडून दीड तास. मार्च 2020 ला सगळंच बंद पडलं.

त्या लॉकडाउनमध्ये एक गोष्ट झाली ती मी नंतर जुळवली. दुकान बंद, लग्नं बंद, सात-आठ महिने हातात काच नाही. तेवढ्या काळात बोटांवर एकही नवा डाग नाही. 2021 च्या फेब्रुवारीत लग्नसराई उठली, एका दिवसात मी तीस-तीस हात भरले, आणि वाढलेल्या काकणाचा एक ओरखडा डाव्या मनगटावर लागला. नेहमीचंच. पंधरा दिवसांनी खपली गेली आणि ओरखड्याच्या जागी पांढरी रेघ, फूटपट्टीनं आखावी तशी. डॉक्टरबाई म्हणाल्या, याला कोब्नर म्हणतात, आजार जागा असला की जिथं इजा तिथं डाग. मग त्या माझ्या उजव्या हाताकडं बघून गप्प झाल्या. कासारणीच्या बोटांना काच लागत नाही असा दिवस नसतो.

आजार झोपवायला पाच महिने गोळ्या घेतल्या. आठवड्यातून सलग दोनच दिवस स्टिरॉइड, बाकी पाच दिवस नाही. ही पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी बसवलेली. वजन चार किलो वाढलं, तोंडावर पुटकुळ्या आल्या, पण नवीन रेघ उठली नाही.

ऑपरेशनचा विषय मी 2019 पासून काढत होते आणि दर वेळी त्या नाही म्हणत होत्या. किमान एक वर्ष नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, ओरखड्यावर पांढरं नाही, हे सिद्ध झाल्याशिवाय कातडी बदलायची नाही. जागा असलेला आजार लावलेली कातडीही खातो, वर जिथून काढली तिथंही डाग पडतो. मला तेव्हा ते टोलवणं वाटायचं. आता वाटतं, त्या थांबल्या नसत्या तर माझ्या मांडीवर पाचवा डाग असता.

जानेवारी 2023 मध्ये पंच ग्राफ्टिंग झालं. मनगटाजवळ प्रकाशानं न भरलेला एक रुपयाएवढा डाग उरला होता तिथं. मांडीची जागा बधिर करून दीड मिलिमीटरच्या गोल पोकळ सुरीनं कातडीचे बारीक गोळे काढायचे, डागात तेवढीच भोकं पाडायची आणि गोळे त्यात बसवायचे. खानापूर तालुक्यात रोप लावणी बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चिखल डागाचा, तरवा मांडीचा, अंतर सारखं. पहिल्यांदा फक्त पाच रोपं लावून तीन महिने वाट बघितली, रंग पसरतो का म्हणून. पसरला. एप्रिलमध्ये उरलेली वीस. "आठ दिवस हात हलवू नका" असं बजावलं होतं आणि मी तिसऱ्या दिवशी काकणांची पेटी उचलली. पट्टी सोडली तेव्हा दोन रोपं कापसाला चिकटून आली. डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत, माझ्याकडं बघितलं फक्त.

चार महिन्यांत एकेका रोपाभोवती तपकिरी कडं वाढत गेलं आणि जागा भरली. रंग खरा, पण कातडी खडबडीत. प्रत्येक रोप जरासं वर उचललेलं राहिलंय, बोट फिरवलं की खडीचा रस्ता लागतो. भोक रोपापेक्षा लहान-मोठं नीट मापात नसलं की असं होतं म्हणे. काकणाखाली झाकतं. खर्च चौदा हजार.

मग राहिला उजवा हात, माझा धंद्याचा. त्याच्याबद्दल एक प्रसंग सांगते. वडगावातल्या एका लग्नघरी चुडा भरायला आम्हाला दरवर्षी कुणी ना कुणी बोलावतं. शिधा, नारळ, मान असतो कासाराचा. त्या वर्षी नवरीची आई फोनवर अगदी गोड बोलून म्हणाली, "यावेळी तुमच्या यजमानांना पाठवा की, मुलीला जरा लाजायला होतंय." पुरुष परका हात धरणार त्याची लाज नाही. मी हो म्हटलं. हे गेले, चुडा भरून आले, नारळ देवापुढं ठेवला आणि म्हणाले, "हुबळीला विचारून बघू."

हुबळीच्या मोठ्या रुग्णालयात पेशींचं द्रावण लावतात हे आमच्या डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. फेब्रुवारी 2024. लोंढ्यावरून रेल्वेनं गेलो. संमतीचा कागद कन्नडमध्ये. मला वाचता येतं, शाळेत शिकलेलं, पण बोट ठेवून सावकाश. कागदावर 'बिळी मच्चे' लिहिलं होतं, पांढरे डाग. माझ्या मागच्या बाकावरची म्हातारी मात्र 'तोन्नु, तोन्नु' म्हणत होती. आपल्याकडं 'कोड' आणि 'पांढरे डाग' यांत जे अंतर आहे तेवढंच तिकडंही आहे. नर्सनं म्हातारीला दटावलं आणि मला म्हणाली, "अक्का, सही इल्ली."

यात रोपं लावत नाहीत, बी फोकतात. मांडीवरून अगदी पातळ पापुद्रा काढला, सिगारेटच्या कागदासारखा, डागाच्या दहाव्या हिश्शाएवढा. हाच मोठा फायदा. तो ट्रिप्सिन नावाच्या द्रावात, अंगाच्या उबेइतक्या उबेत, तासाभर ठेवला. तोवर मी बाहेर बसून वडापाव खाल्ला, माझी कातडी आत भिजत होती. मग पेशी सुट्या करून, यंत्रात गरगरवून खाली बसवल्या आणि थोड्याशा द्रवात कालवल्या. इकडं माझ्या हाताच्या मागच्या भागाची वरची कातडी छोट्या फिरत्या चाकानं घासली, रक्ताचे टिपके येईपर्यंत. बधिर असूनही तो आवाज विसरत नाही, लोहाराच्या सहाणेसारखा. त्यावर ते गढूळ पाणी थेंबाथेंबानं सोडलं, वर कोलॅजनची पट्टी, वर जाड बांधणी, हात फळीला. या खेपेला मी आठ दिवस पाण्याचा पेलाही उचलला नाही. सासूबाईंनी भरवलं. ज्यांनी दही बंद केलं होतं त्यांनीच दहीभात भरवला.

पट्टी निघाली तेव्हा खाली लालबुंद. महिन्यानं फिकट गुलाबी, माझा धीर सुटला. दीड महिन्यानं रंग यायला लागला तो आधी जास्तच काळपट, मग सहा महिन्यांत जुळला. त्यासोबत प्रकाश आणि टॅक्रोलिमस चालूच होतं, ते सुटलं नाही. हाताचा मागचा भाग पंचाऐंशी-नव्वद टक्के भरला असेल, गुळगुळीत, खडी नाही. बोटांचे सांधे निम्मे. सांधा दिवसभर वाकतो, तिथं पेशी टिकणं अवघड. टोकांना त्यांनी हातच लावला नाही आणि मी हट्ट केला तरी लावला नाही. खर्च अडतीस हजार, जाणं-येणं आणि दुकानाचे बुडलेले दिवस वेगळे.

अमेरिकेत 2022 च्या जुलैमध्ये रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला कोडासाठी मंजुरी मिळाली, ती बातमी पुण्याच्या भाचीनं तेव्हाच पाठवली होती. मी लगेच डॉक्टरबाईंकडं नेली. त्यांनी नीट समजावलं. डागाच्या जागी लढणाऱ्या पेशी एकमेकींना हाका मारून आणखी फौज बोलावतात, हे मलम त्या हाकाच दाबतं. चाचण्यांत 24 आठवड्यांत सुमारे तीस टक्के लोकांच्या चेहऱ्यावरच्या डागांचा पाऊण भाग भरला, नुसतं साधं मलम लावणाऱ्यांत सात ते अकरा टक्क्यांचा. मला तीस फार कमी वाटले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं कपाळ आधीच भरलंय. तुम्हाला हवीत ती टोकं. हात-पाय यात सगळीकडंच मागं राहतात." तरीही 2024 च्या गणपतीनंतर त्याच घराण्यातलं टोफासिटिनिबचं मलम टोकांना आणि सांध्यांना सुरू केलं. सांध्यांच्या कडेला थोडं आत सरकल्यासारखं वाटतं. वाटतं, म्हणजे मी मोबाइलमधले फोटो शेजारी ठेवून बघते तेव्हा कधी दिसतं, कधी नाही.

आमच्या मुलीला स्थळ येतात त्यांना हे पहिल्याच बोलण्यात सांगतो. एकांनी विचारलं, "मुलीला होईल काय?" डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी सांगितलं: जवळच्या नात्यात शंभरात पाच-सहा जणांना होतं, उरलेल्यांना नाही, आणि हात धरल्यानं तर कुणालाच होत नाही. त्यांनी परत फोन केला नाही. त्यांचा मुलगा रोज दोन पाकिटं ओढतो हे आम्हाला दुसरीकडून कळलं, त्याची टक्केवारी कुणी विचारत नाही.

नडगीचं मी काही केलं नाही. पांढऱ्या केसांवर मलम नाही, प्रकाशही नाही. घासून पेशी पेरता येतील, पण त्याचे आणखी पंचवीस हजार, आणि नऊवारी असो की सहावारी, नडगी झाकलेली असते. मांडीवर जिथून पापुद्रा काढला तिथं फिकट चौकोन राहिलाय. तो डाग नाही, व्रण आहे. भिंगाखाली बघून घेतलंय.

दुकानात आता वाटणी झालीय. काचेची काकणं हे भरतात, पाटल्या, मेटल आणि लाखेची मी. जुन्या बायका ऐकत नाहीत, काच पण मलाच भरायला सांगतात, मग त्यांच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून मी सरकवते, ओरखडा लागत नाही. मागच्या आठवड्यात अनगोळहून एक जण आली, माझा हात उलटसुलट करून बघितला. मागचा भाग सावळा आणि टोकं पांढरी. "पीठ लागलंय काय मावशी?" म्हणाली. मी म्हटलं, नाही गे, ते तसंच आहे, तुझं माप काय, दोन-सहा?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवारला मी पेनानं फुली मारते. त्या दोन रात्री भरलेल्या कपाळाला आणि हाताला टॅक्रोलिमस लावायचं, डाग परतू नये म्हणून. किती वर्षं, असं विचारलं होतं. "चालू ठेवा," एवढंच म्हणाल्या. आज शुक्रवार.